थिएटरात पडलेला सिनेमा नाताळचा सगळ्यात लाडका कसा झाला? फ्रँक कॅप्राची गोष्ट

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की सोशल मीडियावर एक भांडण ठरलेलं असतं. नाताळचा सगळ्यात भारी सिनेमा कोणता?

कुणी म्हणतं 'होम अलोन'ला तोड नाही. कुणी 'डाय हार्ड'चं नाव घेतं, की लगेच दुसरा विचारतो की बंदुका आणि स्फोटांचा सिनेमा नाताळचा कसा काय? जुन्या पिढीतले लोक 'व्हाइट ख्रिसमस' किंवा 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' काढून बसतात. आणि या सगळ्या भांडणात एक ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा दरवर्षी हमखास येतो. १९४६ सालचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'.

अनेकांसाठी हा जगातला सगळ्यात सुंदर सिनेमा. अनेकांसाठी नुसती साखर. काहींच्या मते तर हा आनंदाचा सिनेमाच नाही, एका घुसमटलेल्या माणसाची दुःखाची गोष्ट आहे.

गंमत म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा यातलं कुठलंच भांडण झालं नव्हतं. कारण भांडायला पुरेसे प्रेक्षकच आले नव्हते. सिनेमा तोट्यात गेला, ऑस्करमध्ये हात हलवत परत आला आणि एफबीआयच्या फाइलमध्ये संशयित म्हणून जाऊन बसला.

तो बनवणाऱ्या माणसाचं नाव फ्रँक कॅप्रा. लोकांना काय वाटतं यावर ज्याचं सगळं आयुष्य उभं होतं, त्या माणसाची ही गोष्ट.

बोटीच्या तळातून आलेलं पोर

१८ मे १८९७. इटलीच्या सिसिली बेटावरच्या बिसाक्विनो नावाच्या डोंगराळ गावात फ्रँकचा जन्म झाला. नाव ठेवलं फ्रान्चेस्को. घरात सात भावंडं, त्यात हे शेंडेफळ.

१९०३ मध्ये कॅप्रा कुटुंबानं गाव सोडलं आणि अमेरिकेची बोट धरली. सगळ्यात स्वस्त तिकीट म्हणजे बोटीचा तळ. तिथे माणसं अक्षरशः कोंबलेली असायची. तेरा दिवसांचा तो प्रवास फ्रँक म्हातारपणापर्यंत विसरला नाही. न्यूयॉर्कला उतरून हे लोक रेल्वेनं थेट लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या गरीब वस्तीत त्यांनी संसार मांडला.

वडील फळबागेत मजुरीला जायचे. फ्रँक रस्त्यावर उभा राहून पेपर विकायचा. घरच्यांचं म्हणणं एकच होतं, पोरानं शाळा सोडून कामाला लागावं. पण हे पोर ऐकणाऱ्यातलं नव्हतं. मिळेल ते काम करून त्यानं शिक्षण चालू ठेवलं आणि जे कॉलेज पुढे कॅलटेक म्हणून जगप्रसिद्ध झालं, तिथून १९१८ मध्ये केमिकल इंजिनियरिंगची पदवी घेतली. घरात कॉलेजची पायरी चढलेला तो एकटाच. त्याचं कॉलेज चालू असतानाच वडील शेतावरच्या अपघातात गेले होते.

आता केमिकल इंजिनियर म्हटल्यावर आयुष्याचं भलं व्हायला हवं होतं. पण पहिलं महायुद्ध संपलेलं, नोकऱ्या नाहीत. सैन्यात तो जवानांना गणित शिकवायचा, तेही काम संपलं. मधेच स्पॅनिश फ्लूनं गाठलं. भावंडं, ज्यांनी शाळेचं तोंडही धड पाहिलं नव्हतं, ती कमावत होती. आणि घरातला एकुलता एक पदवीधर मात्र बेकार. पुढची दोन-तीन वर्षं तो मिळेल ते काम करत, दारोदार काहीबाही विकत गावोगाव भटकत राहिला.

आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही ही भावना त्या काळात त्याच्या मनात घर करून बसली. ही भावना लक्षात ठेवा. ती पुढे पडद्यावर भेटणार आहे.

थाप मारून मिळालेला पहिला सिनेमा

सिनेमात तो आला तो चक्क थाप मारून. सॅन फ्रान्सिस्कोत एक माणूस कवितांवर छोटे सिनेमे काढायच्या तयारीत होता. कॅप्रानं आपण हॉलिवूडमधून आलोय असं त्याला भासवलं आणि काम पदरात पाडून घेतलं. १९२२ मध्ये आलेला तो छोटा सिनेमा रुडयार्ड किपलिंगच्या एका कवितेवर होता. किपलिंग जन्मानं मुंबईकर आणि ती कविता घडते कलकत्त्याजवळ, हुगळीच्या काठी. म्हणजे कॅप्राच्या दिग्दर्शनाची सुरुवातच अशी लांबून का होईना, हिंदुस्थानाशी जोडलेली आहे.

पुढे त्यानं पडेल ते काम केलं. फिल्म धुतली, एडिटिंग केलं, विनोद लिहिले. हॅरी लँग्डन या मूकपटांतल्या विनोदवीराचे 'द स्ट्राँग मॅन' आणि 'लाँग पँट्स' हे सिनेमे त्यानं दिग्दर्शित केले. ते गाजले आणि मग लँग्डननंच त्याला काढून टाकलं.

१९२८ मध्ये तो कोलंबिया कंपनीत आला. त्या वेळी मोठ्या स्टुडिओंच्या रांगेत कोलंबियाला कुणी विचारत नव्हतं. मालक हॅरी कोन हा शिवराळ आणि हेकट म्हणून कुप्रसिद्ध. पण या दोघांचं जमलं. १९३२ मध्ये कॅप्रानं 'अमेरिकन मॅडनेस' काढला. विषय होता बँकेवर आलेली ठेवीदारांची धाड. अमेरिकेत महामंदी चालू होती, रोज कुठली ना कुठली बँक बुडत होती. आपल्याकडे एखादी सहकारी बँक अडचणीत आली की दारात जी रांग लागते, तेच दृश्य त्यानं पडद्यावर आणलं. हेही लक्षात ठेवा.

ऑस्करची फजिती आणि ऑस्करची लयलूट

कॅप्राला ऑस्कर हवं होतं आणि ही इच्छा त्यानं कधी लपवली नाही. १९३४ च्या मार्चमध्ये 'लेडी फॉर अ डे'साठी त्याला नामांकन होतं. पुढचा किस्सा त्यानंच आत्मचरित्रात रंगवून सांगितलाय.

सूत्रसंचालक विल रॉजर्सनं दिग्दर्शकाचं पाकीट उघडलं आणि आडनाव न घेता नुसतं फ्रँक म्हणून स्टेजवर बोलावलं. कॅप्रा उठला, टेबलांमधून वाट काढत निघाला. आणि प्रकाशझोत गेला सभागृहाच्या दुसऱ्या बाजूला. तिथे फ्रँक लॉइड नावाचा दिग्दर्शक उभा होता. बक्षीस त्याचं होतं. भर सभेतून आपल्या खुर्चीकडे परत जाणं हा आयुष्यातला सगळ्यात लांब आणि लाजिरवाणा प्रवास होता, असं त्यानं लिहून ठेवलंय.

पुढच्याच वर्षी त्यानं सगळं व्याजासकट वसूल केलं. 'इट हॅपन्ड वन नाइट' या सिनेमानं सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर एकदम पटकावली. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि बातमीच्या मागे लागलेला पत्रकार, ही ती गोष्ट. ओळखीची वाटते ना? राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' आणि आमिर खानचा 'दिल है के मानता नहीं' हे दोन्ही याच सिनेमावर बेतलेले. अमिताभ बच्चनच्या 'मैं आझाद हूँ'चं मूळही कॅप्राच्याच 'मीट जॉन डो'मध्ये आहे. म्हणजे कॅप्राचं नाव न ऐकताही कित्येक मराठी घरांत कॅप्रा पाहून झालाय.

'मिस्टर डीड्स गोज टू टाउन' आणि 'यू कान्ट टेक इट विथ यू' या सिनेमांसाठी त्याला आणखी दोन ऑस्कर मिळाली. पाच वर्षांत दिग्दर्शनाची तीन. १९३९ च्या 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'नं त्याची ओळख पक्की केली. साधा, सरळ माणूस एका बाजूला आणि पैसा, सत्ता, राजकारण दुसऱ्या बाजूला. शेवटी साधा माणूस उभा राहतो. ही झाली कॅप्राची गोष्ट.

पण ही गोष्ट एकट्या कॅप्राची होती का? यावरही वाद आहे. त्याच्या बहुतेक गाजलेल्या सिनेमांचा लेखक होता रॉबर्ट रिस्किन. श्रेय मात्र सगळं दिग्दर्शकाला गेलं. हॉलिवूडमध्ये एक दंतकथाच आहे की वैतागलेल्या रिस्किननं एकदा कोऱ्या कागदांचा गठ्ठा कॅप्राच्या टेबलावर आपटला आणि यावर तुझी जादू करून दाखव असं सुनावलं. हा किस्सा बहुधा रचलेला आहे, पण तो रचावासा वाटला यातच सगळं आलं. चरित्रकार जोसेफ मॅकब्राइडनं पुढे कॅप्राच्या आत्मचरित्रातल्या अशा बऱ्याच दाव्यांची चिरफाड केली.

आणखी एक विसंगती. पडद्यावर गरिबांची बाजू घेणारा हा माणूस खासगीत रिपब्लिकन पक्षाचा होता आणि अध्यक्ष रूझवेल्ट त्याला आवडत नव्हते. म्हणजे त्याचे सिनेमे बघून त्याच्याबद्दल मत बनवणाऱ्यांचीही फसगत व्हायची.

याच भरभराटीच्या काळात, १९३८ मध्ये, त्याचा तीन वर्षांचा मुलगा जॉन टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर दगावला.

युद्ध संपलं आणि एक ग्रीटिंग कार्ड हाती आलं

दुसऱ्या महायुद्धात कॅप्रा सैन्यात गेला. आपण का लढतोय हे अमेरिकी जवानांना समजावून सांगण्यासाठी त्यानं 'व्हाय वी फाइट' ही सात माहितीपटांची मालिका केली. पहिल्याच भागाला ऑस्कर मिळालं आणि युद्ध संपताना सैन्यानं त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल दिलं. बोटीच्या तळातून आलेल्या पोरासाठी यापेक्षा मोठी पावती नव्हती.

परत आल्यावर त्यानं ठरवलं, आता कुठल्या स्टुडिओची चाकरी नाही. विल्यम वायलर, जॉर्ज स्टीव्हन्स आणि निर्माता सॅम्युअल ब्रिस्किन यांच्यासोबत त्यानं लिबर्टी फिल्म्स ही स्वतःची कंपनी काढली. पहिल्या सिनेमासाठी गोष्ट हवी होती.

ती आली एका ग्रीटिंग कार्डातून.

फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या लेखकानं 'द ग्रेटेस्ट गिफ्ट' नावाची छोटी कथा लिहिली होती. कुणी छापेना. शेवटी १९४३ च्या नाताळात त्यानं स्वतःच २०० प्रती छापल्या आणि मित्रमंडळींना कार्ड म्हणून पाठवून दिल्या. ती कथा आरकेओ या स्टुडिओनं १०,००० डॉलरना घेतली. तिथे ती पडूनच होती, ती कॅप्राच्या हातात आली.

गोष्ट अशी. बेडफर्ड फॉल्स नावाचं छोटं गाव. जॉर्ज बेलीला जग फिरायचंय, मोठमोठे पूल बांधायचेत. पण वडील जातात आणि त्यांनी चालवलेली छोटी पतसंस्था त्याच्या गळ्यात पडते. गरिबांना घरासाठी कर्ज देणारी ही संस्था बंद पडावी म्हणून पॉटर नावाचा बडा सावकार टपून बसलेला. जॉर्जच्या लग्नाच्याच दिवशी ठेवीदारांची धाड पडते आणि नवराबायको हनिमूनचे पैसे काउंटरवर वाटून टाकतात. आठवला ना 'अमेरिकन मॅडनेस'?

मग एका नाताळाच्या आदल्या दिवशी संस्थेचे ८,००० डॉलर गहाळ होतात. खरं तर ते पॉटरनं दाबलेले असतात. तुरुंग समोर दिसणारा जॉर्ज जीव द्यायला पुलावर जातो. तिथे एक देवदूत त्याला दाखवतो की तो जन्मालाच आला नसता तर गावाचं काय झालं असतं. ज्या भावाला त्यानं लहानपणी बर्फाच्या पाण्यातून वाचवलं, तो भाऊ नसता. त्या भावानं युद्धात जे सैनिक वाचवले, तेही नसते.

आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही असं वाटणारा माणूस. ऐन विशीत गावोगाव भटकणाऱ्या बेकार इंजिनियरला ती भावना चांगलीच ठाऊक होती.

जॉर्जच्या भूमिकेसाठी त्यानं जेम्स स्टुअर्टला घेतलं. स्टुअर्ट युद्धात बॉम्बफेकी विमानं चालवून नुकताच परतला होता आणि अभिनय पुढे करावा की नाही या विचारात होता. सेट म्हणून चार एकरांवर अख्खं गाव उभं केलं. शूटिंग झालं १९४६ च्या एप्रिल ते जुलैमध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात. पडद्यावर गोठलेला गाव, प्रत्यक्षात सगळे घामानं निथळलेले.

त्या काळी खोटा बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे. पण त्यांवर पाय पडला की कुरकुर आवाज यायचा आणि संवाद नंतर पुन्हा रेकॉर्ड करावे लागायचे. या सिनेमासाठी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी मिसळून नवा, बिनआवाजी बर्फ तयार केला. त्यासाठी आरकेओच्या विभागाला तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

आणि खरी मेख पुढे आहे. आपण नाताळचा सिनेमा करतोय असं कथा हाती घेताना कॅप्राच्या डोक्यातच नव्हतं. त्याला फक्त त्यातली कल्पना आवडली होती. हे त्यानंच पुढे म्हातारपणी सांगितलं.

सिनेमा आपटला

२० डिसेंबर १९४६ ला न्यूयॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. बाकी देशात तो पोहोचेपर्यंत जानेवारी उजाडला आणि नाताळ संपलेला होता.

समीक्षकांची मतं तिथपासूनच फाटली. काहींनी डोक्यावर घेतला. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉस्ली क्राउदरला मात्र तो फार भाबडा वाटला. युद्धातून परतलेल्या सैनिकांची होरपळ दाखवणारा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' त्याच वेळी तुफान चालू होता. तो कुणाचा होता? कॅप्राचाच भागीदार विल्यम वायलरचा, पण दुसऱ्या निर्मात्यासाठी केलेला.

कॅप्राच्या सिनेमाला पाच मुख्य ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यातलं एकही हाती लागलं नाही. वायलरच्या सिनेमानं सगळं लुटलं. तीस लाख डॉलरहून जास्त खर्च झालेला, तो निघता निघेना. आरकेओनं साधारण सव्वापाच लाख डॉलरचा तोटा नोंदवला. १९४७ मध्ये लिबर्टी फिल्म्स पॅरामाउंटला विकावी लागली. स्वतंत्र राहायचं स्वप्न दोन-तीन वर्षांत संपलं.

त्यात एफबीआयची भर. हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट कुठे लपलेत हे शोधणाऱ्या एफबीआयच्या १९४७ च्या एका टिपणात या सिनेमाचं नाव आलं. आक्षेप काय? तर सिनेमात बँकर खलनायक दाखवलाय, आणि श्रीमंतांना बदनाम करणं ही कम्युनिस्टांची नेहमीची युक्ती आहे. रूझवेल्टना विरोध करणारा, सैन्याचं मेडल मिरवणारा रिपब्लिकन माणूस कम्युनिस्ट प्रचाराच्या संशयात!

१९५१ मध्ये एका संरक्षणविषयक अभ्यास प्रकल्पासाठी त्याला बोलावणं आलं आणि सुरक्षा मंजुरी मात्र नाकारण्यात आली. आपल्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली हे या स्थलांतरित माणसाच्या जिव्हारी लागलं.

आणि कॅप्रा मुंबईत आला

१९५२ च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तोच जो आज इफ्फी म्हणून गोव्यात भरतो. त्या पहिल्या महोत्सवाला अमेरिकेकडून आलेल्या मंडळींत फ्रँक कॅप्रा होता. ज्या सरकारी व्यवस्थेनं त्याच्यावर संशय घेतला, त्याच सरकारसाठी तो परदेशात अमेरिकेचा चेहरा बनून आला होता.

या महोत्सवात गाजला 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटलीचाच सिनेमा. भारतातल्या कित्येक दिग्दर्शकांना त्यानं नवी वाट दाखवली. सिनेमाची हवा कुठे चाललीय हे कॅप्राला दिसतच असणार. जग स्टुडिओतल्या खोट्या बर्फाकडून खऱ्या रस्त्यांकडे निघालं होतं.

पुढे त्याचं करिअर उताराला लागलं. शाळकरी मुलांसाठी सूर्य आणि रक्ताभिसरण यांवर त्यानं विज्ञानपट केले, आणि केमिकल इंजिनियरिंगची पदवी अशी कामी आली. १९६१ चा 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' हा त्याचा शेवटचा मोठा सिनेमा. तोही 'लेडी फॉर अ डे'चाच रिमेक. १९७१ मध्ये आत्मचरित्र लिहून त्यानं जवळपास दुकान बंद केलं.

'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा आपला सगळ्यात आवडता सिनेमा असं तो सांगायचा. दर नाताळात तो घरच्यांना बसवून दाखवायचा. तेव्हा तो आवडणाऱ्यांची संख्या एवढीच, घराच्या दिवाणखान्यात मावेल इतकी.

एक अर्ज राहून गेला

मग १९७४ साल उजाडलं.

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार सिनेमाचा कॉपीराइट २८ वर्षं टिकायचा. पुढे हवा असेल तर अर्ज करून वाढवून घ्यावा लागायचा. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चे हक्क तोवर विकत विकत एका टीव्ही वितरण कंपनीकडे आले होते. त्या कंपनीकडून तो अर्ज करायचा राहून गेला. एवढी किरकोळ कारकुनी चूक.

त्यामुळे सिनेमा फुकट झाला! कुठल्याही टीव्ही चॅनलनं उठावं आणि एक पैसा न देता दाखवावा. डिसेंबरात वेळ भरायला सगळ्यांनाच काहीतरी हवं असायचं. हा सिनेमा लांबलचक, नाताळात घडणारा आणि फुकट. मग काय, या चॅनलवर सकाळी, त्या चॅनलवर दुपारी, तिसऱ्यावर रात्री. नाताळात टीव्ही लावला आणि जॉर्ज बेली धावताना दिसला नाही असं होईना.

आपल्याकडे 'सूर्यवंशम'चं काय झालं ते आठवा. थिएटरात फारसा न चाललेला सिनेमा टीव्हीनं इतक्यांदा दाखवला की आज हिरा ठाकूर माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. फरक एवढाच की 'सूर्यवंशम' लोकांनी मीम्समध्ये नेला आणि 'इट्स अ वंडरफुल लाइफ' लोकांनी देव्हाऱ्यात.

ज्यांनी तो लहानपणी आईवडिलांसोबत पाहिला, त्यांनी पुढे आपल्या पोरांना दाखवला. १९९० च्या 'होम अलोन'मध्येही पॅरिसला अडकलेलं कुटुंब टीव्हीवर हाच सिनेमा फ्रेंचमध्ये पाहताना दिसतं. म्हणजे 'होम अलोन'वाल्यांनीही हा थोडासा पाहिलेलाच आहे!

ऐंशी वर्षांच्या कॅप्राला लोकांची पत्रं येऊ लागली. १९८२ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं जीवनगौरव दिला, १९८६ मध्ये राष्ट्रीय कला पदक मिळालं. ज्या देशानं निष्ठेवर शंका घेतली होती, त्यानं आता त्याला घरातलं माणूस मानलं.

पण फुकट असण्याचा तोटाही होता. कुणीही प्रत काढावी, कुणीही कापावी. काही कंपन्यांनी तर कॉम्प्युटरनं रंग भरून रंगीत आवृत्ती आणली. कॅप्रा आणि जेम्स स्टुअर्ट दोघांनीही याला कडाडून विरोध केला. काही उपयोग झाला नाही, कारण सिनेमा आता त्याचा राहिलाच नव्हता.

३ सप्टेंबर १९९१ ला कॅलिफोर्नियात फ्रँक कॅप्रा झोपेतच गेला. वय ९४. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, मूळ कथा आणि संगीताचे हक्क अजून शिल्लक आहेत या मुद्द्यावर रिपब्लिक पिक्चर्सनं सिनेमाचा ताबा परत मिळवला. फुकटचं प्रसारण थांबलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग कुणाचं खरं?

२००६ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं सगळ्यात प्रेरणादायी अमेरिकी सिनेमांची यादी काढली आणि पहिला नंबर दिला 'इट्स अ वंडरफुल लाइफ'ला. तरी भांडण काही थांबलं नाही, आणि भांडणाऱ्यांकडे मुद्देही चांगले आहेत.

पहिली तक्रार, पॉटरला शिक्षाच होत नाही. चोर सुखरूप सुटतो. यावर कॅप्राला पुष्कळ पत्रं आली होती. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'नं तर १९८६ मध्ये खोटा शेवट रचून गावकऱ्यांकडून पॉटरची धुलाईच करून घेतली.

दुसरी, बायकोची. जॉर्ज नसता तर मेरीचं काय झालं असतं? तर ती लग्नाविना, चष्मा लावून लायब्ररीत काम करत असती. यात एवढं भयंकर काय आहे, हा प्रश्न आजच्या प्रेक्षकांना पडतो आणि तो बरोबरच आहे.

तिसरी, हा नाताळचा सिनेमा आहे तरी का? अर्ध्याहून जास्त गोष्टीत नाताळ नाहीच. 'डाय हार्ड'वरून जो वाद होतो तोच. पण 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' तर १९४७ च्या जूनमध्ये लागला होता. 'अ ख्रिसमस स्टोरी' १९८३ मध्ये बेताचाच चालला आणि पुढे एका चॅनलनं तो नाताळात सलग २४ तास दाखवायला सुरुवात केल्यावर परंपरा बनला. तेव्हा सिनेमा नाताळचा आहे की नाही हे त्याच्या पोस्टरवरून ठरत नाही. लोक तो कधी, कुणासोबत बघतात यावरून ठरतं.

आणि चौथी, सगळ्यात खोल तक्रार. जॉर्ज बेली कधी गाव सोडूच शकला नाही. शिकायचं राहिलं, फिरायचं राहिलं, पूल बांधायचे राहिले. शेवटी सगळे गावकरी पैसे घेऊन धावत येतात, गाणं म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी त्याला त्याच पतसंस्थेत, त्याच टेबलावर जायचंय. काहींना हा शेवट दिलासा वाटतो, काहींना पिंजरा. घराची जबाबदारी अंगावर पडून ज्यांचं शहर, शिक्षण किंवा स्वप्न सुटलं, त्यांना दोन्ही एकदम वाटतं.

म्हणूनच या भांडणात जिंकणारा कुणी नसतो. आवडता नाताळचा सिनेमा सांगताना माणूस बहुतेक वेळा सिनेमाबद्दल बोलतच नसतो. तो सांगत असतो त्या टीव्हीबद्दल, त्या खोलीबद्दल, शेजारी बसलेल्या माणसांबद्दल. त्यातली काही माणसं आता नसतात. 'होम अलोन'वाल्याचंही तेच आणि 'वंडरफुल लाइफ'वाल्याचंही तेच.

फ्रँक कॅप्रानं आयुष्यभर लोकांच्या पसंतीचा पाठलाग केला. ऑस्करसाठी झुरला, मिळाल्यावर मिरवला, हरल्यावर खचला. आणि त्याला खरी पसंती मिळाली ती त्यानं पाठलाग सोडल्यावर, कुठल्यातरी ऑफिसात एक अर्ज राहून गेला म्हणून. आपल्या असण्यानं कुठे, कुणाचं काय बदललं हे माणसाला जगताना कळत नाही, हेच तर त्याचा सिनेमा सांगत होता. जॉर्ज बेलीला ते एका रात्रीत कळलं. कॅप्राला त्यासाठी जवळपास तीस वर्षं थांबावं लागलं.